"स्वच्छ आहे, वहिनी"

७ फेब्रुवारी, रविवार

फोटो धुरकट! कालच्या समुद्रकाठच्या लग्नातले एकूण एक. सगळं ताकात बुडवून काढल्यासारखं. अंगठ्या घालताना नवरीचा बाप खुर्चीतून उठून उभा राहिला — तोही ताकात.

वन्संना दाखवले. त्या कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "स्वच्छ आहे, वहिनी."

म्हणजे खोट माझ्याच डोळ्यात. काल कॅमेऱ्यातूनही अंधुकच दिसत होतं. तेव्हाही विचारलं होतं. तेव्हाही स्वच्छच! काच पुसायची, फोटो तपासायचे — वन्संचं काम ते. मला जवळचं बारीक दिसत नाही.

८ फेब्रुवारी

भिंतीवरचं घड्याळ नीट दिसतं. पण मोतीबिंदू चोरपावलांनी येतो म्हणतात. आईचे डोळे याच वयात गेले. चौथी नापास बाई मी, दुसरं काय येतं मला? हे गेल्यावर यांच्या कॅमेऱ्यानंच दोघींना जगवलं.

वन्संना काही सांगायचं नाही. घाबरतील.

९ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शुक्रवारची वेळ घेतली. वन्संना थाप मारली — चष्म्याचा नंबर बघायचाय.

वन्संनी चहा कपाबाहेर ओतला. ओरडले त्यांच्यावर. माझा जीव टांगणीला आणि यांचं लक्ष कुठं?

१० फेब्रुवारी, बुधवार

आज त्याच नवरीचे लग्नानंतरचे मजेचे फोटो. पोरगी भारी द्वाड! लग्नाचा झगा गुडघ्यापर्यंत खोचला, बुटात वाळू भरून नवऱ्याच्या अंगावर ओतली, मग त्याला गळ्यापर्यंत वाळूत पुरला. तो म्हणतो, "काकू, ही मला इथंच ठेवून जाईल, साक्षीला राहा!" सगळे हसतायत. माझी पाचावर धारण. कॅमेऱ्यात पुन्हा ताक! वन्सं चपलांसकट लाटेत उभ्या. "स्वच्छ आहे, वहिनी."

मग नवरीला लग्नाचे फोटो हवे झाले. टाळाटाळ केली, ऐकेना. बघितले. हसणं थांबलं.

"काकू, हे धुरकट का? बाबा कुठले, ओळखूही येत नाहीत."

तुला पण धुरकट दिसतात? — तोंडातून निघूनच गेलं! तिनं कॅमेरा ओढून घेतला, काचेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं. "मीठ आहे काचेवर! समुद्राचं!"

डोळा नव्हे. मीठ! हायसं वाटायच्या आधीच तळपायाची आग मस्तकात गेली. वन्संना सगळ्यांदेखत झापलं. "एवढं एक काम! तेवढंही होत नाही? डोळे आहेत का काय आहे?" वन्सं पदराच्या टोकाला गाठ मारत राहिल्या.

नवरीनं तोडगा काढला. बापाला खोलीवरून बोलावलं, पुरलेल्या नवऱ्याचा एक हात वाळूतून मोकळा केला आणि अंगठी पुन्हा घातली. बाप हसता हसता रडला. काच मी स्वतः पुसली.

११ फेब्रुवारी

फोटो लख्ख. वन्सं जेवल्या नाहीत. मीही बोलले नाही. चूक त्यांची, फुगून पण त्याच बसणार!

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

वेळ घेतलेली म्हणून गेले. वन्संना सोबत नेलं. तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत. फक्त जवळचा चष्मा लावा." मग वन्संकडे वळले, "यांचेही बघून टाकू." वन्सं नको नको म्हणत खुर्चीत बसल्या.

डॉक्टरांनी अजून तक्त्यामागचा दिवाही लावला नव्हता. वन्संनी सगळ्या ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या — मी वाचल्या त्याच, त्याच क्रमानं. तळव्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले.

"स्वच्छ आहे, वहिनी," दाराकडे मान वळवून म्हणाल्या. मी दुसऱ्या बाजूला उभी होते.