वायफायच्या दोनच रेघा

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा तेच. चार वाजता तास सुरू झाला आणि चार-सातला बाईंचा चेहरा पडद्यावर गोठला. तोंड उघडं, आवाज नाही. समोर ह्यांचंही तोंड उघडं, आवाज नाही. मला हसू आलं — आणि लगेच लाज वाटली.

अर्धांगाच्या झटक्यात ह्यांची वाचा गेली त्याला चार महिने झाले. बोलायला शिकवणाऱ्या बाई परगावी, म्हणून सोमवार-गुरुवार तास संगणकावर. खंड पडला की शिकलेलं निसटतं, असं त्या बजावतात. गेल्या आठवड्यात दोन्ही तास बुडाले.

संगणक म्हणजे ह्यांचा प्रांत. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. मी फक्त त्यावरची धूळ पुसायची.

५ मार्च, बुधवार

लेकीने फोनवर सांगितलं तसं केलं. राऊटर बंद, दहा मिनिटांनी सुरू. मग संगणकातून वायफायचं नाव काढून टाकलं, पासवर्ड नव्याने घातला. तीनदा चुकला, चौथ्यांदा लागला. रेघा दोनच.

मी टेबलाखाली वाकून तारा चाचपत होते, तेव्हा हे चाकाच्या खुर्चीतून म्हणाले, "पाणी." पेला आणून दिला. डाव्या हाताने ढकलला. फरशी पुसत बसले.

६ मार्च, गुरुवार

तास बुडाला. बाईंचा फोन आला. "या आजारात मनात एक असतं, तोंडून दुसरंच येतं. मनावर घेऊ नका." नाही घेत. पण दिवसातून वीसदा पाणी?

७ मार्च, शुक्रवार

कंपनीचा मेकॅनिक येऊन गेला. भला माणूस, चपला बाहेर काढून आला. बैठकीच्या खोलीत मोबाईल राऊटरला चिकटवून म्हणाला, "काकू, लाइन तर ठणठणीत आहे. संगणकच म्हातारा झालाय." दुरून त्याच्याकडे बघून हे खुर्चीचा हात बडवत होते. "पाणी, पाणी." बिचारा मेकॅनिक धावत स्वयंपाकघरात गेला.

नंतर धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना मी म्हणाले, "ह्यांना आता काही कळत नाही गं." हे तिथेच बसले होते.

८ मार्च, शनिवार

हात अजून ओले आहेत, तरी लिहिते.

महिन्यापूर्वी लेकीने माशांची काचेची टाकी आणली — बाबांच्या डोळ्यांपुढे काहीतरी हलतं असावं म्हणून. दोन खोल्यांमधल्या भिंतीतल्या फडताळात ती मी ठेवली. राऊटर दिसायला वाईट, म्हणून तो तिच्या मागे ढकलला. तास तुटायला लागले ते तेव्हापासूनच. माझ्या डोक्यात हे आलंच नाही.

आज टाकीचं पाणी बदलायला काढलं. मासे पातेल्यात, पाणी बादल्यांत. टाकी रिकामी झाली तोच पलीकडच्या खोलीतून टकटक. हे डाव्या बोटाने पडद्याचा कोपरा ठोकत होते. रेघा चार!

"पाणी," म्हणाले. सावकाश, एखाद्या ढ मुलीला समजवावं तसं.

मी दोन बादल्या परत ओतून पाहिल्या. रेघा दोन. उपसल्या. चार. वायफाय पाण्यातून नीट जात नाही, हे ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शब्द चुकत नव्हता. बरोबरच शब्द वीसदा सांगत होते, आणि मी वीसदा पेला भरत होते.

खुर्चीपाशी बसले. म्हटलं, "काल बहिणीला बोलले ते ऐकलंत ना?" मान डोलावली. मग माझ्या ओल्या पदराकडे बघून हसले — तोंडाच्या एकाच बाजूने. मी पोटभर रडले. किती हलकं वाटलं, लिहिता येत नाही.

टाकी आता खिडकीपाशी आहे.

१० मार्च, सोमवार

पूर्ण तास. एकदाही गोठलं नाही. बाईंना टाकीची गोष्ट सांगितली. त्या थेट ह्यांना म्हणाल्या, "काका, माझंच चुकलं."

१३ मार्च, गुरुवार

पूर्ण तास. चावी, पंखा, उशी — तीन शब्द जमले.

१७ मार्च, सोमवार

तास संपला. बाई पडद्यावरून गेल्या. संगणक बंद करून मी भांड्यांकडे निघाले.

"बस," हे म्हणाले. मग एकेक शब्द उचलत — "तू. दमलीस."

बसले.