बेथलेहेमच्या वेशीवर बारा मिनिटं

कापेल आन डेन आयसेल, नेदरलँड्स,
२६ डिसेंबर (इथे नाताळचा दुसरा दिवसही सुट्टीचा असतो, लोक त्या दिवशी सोफे बघायला जातात)

ति. जयंतीताईस,

धाकट्या जयप्रकाशचा प्रभूच्या नावात सलाम, आणि तू तो घेणार नाहीस म्हणून जादाचे दोन. तुझे गुडघे कसे आहेत? बीपीची, तुझ्या लेकीची मंजूषाची चौकशीही समज, पण आधी गुडघे. तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस म्हणून कागदावर लिहितो आहे. आपल्या चर्चच्या कमिटीने तुझी ‘प्रकृती’ बघून मिशनवर मला धाडलं, याचा राग दोन महिने टिकवणं तुलाच जमतं. पण नाताळचं कीर्तन पंचवीस वर्षं आपण मिळून केलं, पूर्वरंग माझा, उत्तररंग तुझा, आणि यंदा मी एकटाच उभा राहिलो. तेव्हा काय झालं ते कळण्याचा तुझा हक्क आहे. वाचून तुला आनंदच होईल.

गोऱ्यांनी आपल्या खापरपणजोबांना शुभवर्तमान सांगितलं, आता त्यांचीच चर्चं ओस पडली, तर ते आपण परत पोहोचवावं, अशी रवींद्र पाळकसाहेबांची योजना. (नगरला आले ते अमेरिकन होते आणि हे डच, पण पाळकसाहेबांना सगळे गोरे सारखेच.) इथल्या चर्चच्या मंडळीत कोणाकडे उतरायला जागा नव्हती (नाताळात हे नवीन नाही), म्हणून मला ठेवून घेतलं अश्वजित आणि धम्मदीपा या पुण्याच्या जोडप्याने. दोघंही आयटीत, दोघंही बौद्ध. धम्मदीपाने पहिल्याच दिवशी बजावलं, “काका, निवांत राहा, पण आमच्यावर मिशन करायचं नाही.” मी शब्द दिला. तिच्या हातची भाकरी आणि ठेचा खाऊन आठवडाभरात कोण कोणावर मिशन करतंय हेच मला कळेनासं झालं.

चोवीस तारखेला संध्याकाळी पाचला मी गळ्यात ढोलकी अडकवली आणि अश्वजितच्या हातात झांजा दिल्या. “काका, इथे न कळवता कोणाच्या दारात जात नाहीत हो,” तो सांगत होता. मी म्हटलं, नाताळ आहे, कळवायचं काय? पहिल्या दारातल्या बाईंनी विचारलं, आपली वेळ ठरली होती का. दुसऱ्या दारातल्या उंच आजोबांनी मात्र अख्खं गाणं ऐकलं, फार छान म्हणाले आणि दार लावलं. आता आपल्याकडे कॅरल संपल्यावर दार लागलं तर त्याचा अर्थ एकच, आत फराळाची ताटं भरताहेत. म्हणून आम्ही थांबलो. (करंज्या नसतील, पण शंकरपाळे?) पाऊस सुरू झाला. अश्वजित निघू या म्हणत होता. मी म्हटलं, न खाता गेलो तर त्यांना वाईट वाटेल. वीस मिनिटांनी आजोबा कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले आणि आम्हाला पायपुसण्यावर उभे पाहून त्यांच्या हातून ती सुटलीच. मग त्यांचा कचरा आम्हीच टाकून आलो. दोन महिन्यांतली माझी ती एकमेव यशस्वी सेवा.

काल सकाळी कीर्तन. छापील पत्रिकेत लिहिलेलं: भारतीय कीर्तन, १०.४१ ते १०.५३. बारा मिनिटं! आपल्याकडे तेवढ्यात तबला लावून होत नाही. समोर चौदा माणसं, त्यांतली तरुण म्हणजे सत्तरीची. मी मराठीत सांगत होतो, अश्वजित डचमध्ये. (देवदूताचा निरोप त्याने ऑफिसच्या मीटिंगसारखा मुद्दे मोजून सांगितला.) मी योसेफाला नासरेथहून बाहेर काढलं, वाटेत गाढवाला पाणी पाजलं, मरीयेला कळा सुरू केल्या, आणि बेथलेहेमच्या वेशीवर डोमिने, म्हणजे इथले पाळक, घड्याळ दाखवत उभे राहिले. मी नमस्कार करून थांबलो. ताई, दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच नाताळ झाला आणि येशू जन्मला नाही.

मग पहिल्या रांगेतल्या नव्वदीच्या आजी काठी टेकत उठल्या आणि विचारलं, “आणि बाळ?” गोष्ट त्यांना जन्मभर पाठ आहे गं, तरी विचारलं. तू त्या जागी पाळणा धरतेस आणि बाया पदर डोळ्यांना लावतात. मला तुझी फार आठवण आली. डोमिने म्हणाले, उरलेला भाग जरूर ठेवू. सगळ्यांनी डायऱ्या काढल्या. पहिला मोकळा रविवार ईस्टरनंतरचा निघाला. म्हणजे बाळ जन्मण्याआधीच वधस्तंभावर जाऊन पुन्हा उठणार. नंतर कॉफीबरोबर एकेक बिस्कीट मिळालं आणि डबा बंद झाला.

रागावलीस तरी तुझाच,
जयप्रकाश

ता. क. वेळ संपली हे अर्धंच खरं. डोमिने हळूच म्हणाले होते, हवी तर आणखी दहा मिनिटं घ्या. मीच नको म्हटलं. मला पुढचं येतच नाही. पंचवीस वर्षं तू गायला लागलीस की मी मागे जाऊन चहा पीत होतो.

आणखी ता. क. ईस्टरपर्यंत थांबते, असं आजींनी कबूल केलंय. तिकीट इथली मंडळी काढणार आहे. तू ये.

शेवटचं ता. क. कमिटीत नाव तुझंच आलं होतं. ताईचे गुडघे गेलेत, तिला प्रवास झेपणार नाही, असं मीच सांगितलं. तुझे गुडघे ठणठणीत आहेत. माझं चुकलं, ताई. पाळकसाहेबांच्या नावे सगळं कबूल करणारी चिठ्ठी सोबत ठेवली आहे. ती कोणाहाती पाठवू नकोस, स्वतः नेऊन दे. ते चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट अजून बंदच असेल. तू दारात उभी राहिलीस की चिठ्ठी उघडायचीही गरज पडणार नाही.