चार फोटो एकावर एक

अहो,

तुमच्या पायांना नमस्कार. इकडे आम्ही मायलेकी आणि नात जेवून-खाऊन आहोत, काळजी नको. तुम्ही पथ्य पाळताय ना? की मी नाही म्हणून रान मोकळं?

आपली छकुली तापातून उठल्यापासून बोलत नाही, म्हणून इथल्या मोठ्या दवाखान्यात तिच्या डोक्याचे फोटो काढले. मशीन केवढं धडधडतं म्हणून सांगू! मी तिचे पाय धरून बसले होते. तरी पहिला फोटो पुसट आला. मशीनवाला म्हणाला, "पोर हलली असेल." मला तर बरंच वाटलं. म्हटलं, फोटोच वाईट आहे, पोर चांगली आहे.

मग तसलेच आणखी तीन काढले. मेंदूत पाणी कसं सरकतं त्यावरून आतले धागे दिसतात म्हणे. चारही फोटो एकावर एक बसवले की एकेकातला कचरा निघून जातो आणि खरं तेवढं उरतं.

काल डॉक्टरीणबाईंनी तो चारांचा मिळून झालेला फोटो दाखवला. काय सुंदर रंग हो! मी कौतुक करतेय, तोवर लेक रडायला लागली. बोलण्याचे धागे तुटलेत. छकुली आता बोलायची नाही.

मी म्हटलं, "बाई, अजून एक काढून बघा ना."

त्या म्हणाल्या, "आजी, काढला तर हेच आणखी स्पष्ट दिसेल."

परवा निघतो. तिला ऐकू सगळं येतं. तुम्ही आपलं नेहमीसारखं बोलत जा, फक्त उत्तरासाठी थांबू नका. थांबलं की तिचा चेहरा पडतो.

तुमचीच,
छकुलीची आजी