ताबा तिच्याकडे, शनिवार माझा

४ फेब्रुवारी, मंगळवार
आठवडाभर वही उशाशी घेऊन नुसता झोपतोय. लिहिलं की खरं होईल, म्हणून टाळत होतो. तर घ्या — बायको वेगळी झाली. आणि गोटी, आमची सहा वर्षांची पोर, कोणाकडे राहणार ते आता कोर्ट ठरवणार.
मी उस्तादाबरोबर, म्हणजे माझ्या मालकाबरोबर, गावोगाव प्रदर्शनांचे स्टॉल उभारत फिरणारा. उस्ताद म्हणतो, "ताबा तिला गेला की बाप म्हणून संपलास तू. त्यापेक्षा पोरीला टेम्पोत घाल आणि चल पुढच्या गावाला. ज्याच्याजवळ पोर, त्याचा ताबा!"
पटलं की मला!

६ फेब्रुवारी, गुरुवार
वकीलबाईंना टेम्पोचा बेत सांगितला. त्यांनी चष्माच काढला. "पळवलीत तर भेटीसुद्धा हातच्या जातील!"
मग त्या बरंच बोलल्या. पण खिडकीत एक मांजर कुंडीत अंग मुडपून झोपलेलं — निम्मं ऐकलंच नाही. परत विचारलं. वैतागल्या, पण सांगितलं. कोर्ट नवराबायकोचं भांडण बघत नाही, पोरीचं भलं बघतं. ती राहील एकाकडे, तरी दुसऱ्याला भेटता येतं. शाळा, दवाखाना, असल्या मोठ्या गोष्टींत माझंही मत घ्यावं, असं कोर्टाकडे मागता येईल. पुढे दिवस बदलले तर हुकूमही बदलून मागता येतो.
"म्हणजे बाप मीच ना?"
"अहो, ते कोण काढून घेणार तुमच्याकडून!"
जिना शीळ घालत उतरलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
कोर्ट. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "यांचा पाय घरात ठरत नाही. पोरीला ठेवणार कुठे, टेम्पोत?" खोटं काय त्यात!
न्यायाधीशबाईंनी गोटीला आत नेऊन एकटीशीच गप्पा मारल्या. बाहेर माझी नखं संपली.
ताबा आईकडे. दर शनिवारी गोटी माझ्याकडे.
हरल्यासारखं वाटेचना. छातीवरचा दगड उतरला. शनिवार माझा!

१५ फेब्रुवारी, शनिवार
बाग, झोके, होडी — सगळं आखलं होतं. गोटी म्हणाली, "बाबा, तू नुसता बस ना इथे."
बसलो. दिवसभर! मी!

१९ फेब्रुवारी, बुधवार
दार वाजलं. सासूबाई! हाताला धरून गोटी, डोळे सुजलेले.
"आज बुधवार आहे," मी घाबरूनच म्हणालो.
"कळतं मला. तिच्या आईला विचारूनच आणलंय. कागदावर शनिवार आहे म्हणून पोरीनं तोवर रडत बसायचं का? सरा बाजूला, आत येऊ द्या आम्हाला."