रामनाथ मास्तरांचा बेंजो खुर्चीवर बसून ऐकला

भिवंडी,
सोमवार, ७ मार्च १९८८

आदरणीय शेवंताताई,

तुला आणि यादव दाजींना धाकट्या दत्तूचा जय भीम. वज्रेश्वरीला सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, तेवढं कळव. (गरम कुंडात पाय सोडून बसा म्हणून मी सांगितलं होतं, पण कुंडाशेजारी राहणारा माणूस कुंडात उतरत नाही.) पोस्टात नोकरी असून भाऊ पत्र टाकत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. दिवसभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले की आपलं लिहायचं राहून जातं. आज मात्र राहवत नाही. काल मी रामनाथ मास्तरांची बेंजो पार्टी खुर्चीवर बसून ऐकली.

तू म्हणशील, त्यात काय मोठं? ताई, अंजूरची ही पार्टी वाजते हळदीत नाहीतर वरातीत. बोलावणं नसेल तर ऐकायची कशी? सहा वर्षं मी अनोळखी लोकांच्या वरातींतून चालतोय. (एकदा नवऱ्याकडचे मला नवरीकडचा समजले आणि नवरीकडचे नवऱ्याकडचा, त्यामुळे दोन टोप्या मिळाल्या. एकदा नाचणाऱ्यांनी मधे ओढलं, तेव्हा चष्मा गेला.) पण बेंजोच्या पट्ट्यांवर मास्तरांची बोटं कशी पळतात, ते सहा वर्षांत एकदाही दिसलं नाही, कारण मधे कायम कुणीतरी नाचत असतं.

म्हणून धामणकर नाक्याजवळच्या शाळेच्या पटांगणात, भर दुपारी चार वाजता, बसून ऐकायचा कार्यक्रम लागल्यावर मी तुझ्या भावजयीला, चंपाला, घेऊन निघालो. शेअर रिक्षात ती मागे बसली, मी ड्रायव्हरशेजारी अर्धा आत, अर्धा बाहेर. उतरलो तेव्हा नव्या पांढऱ्या शर्टाची बाहेरची बाजू काळी झाली होती. पहिल्या रांगेत बसलो तर खुर्चीचा पाय मोडला. दुसरी मिळाली ती मांडवाच्या बांबूमागे. तरी मी खुश होतो. मग पार्टीनं वाजवायला घेतलं आणि काहीच ऐकू येईना. पटांगणाच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना, चाळीस लूम एका वेळी चालू. हिरामण ढोलकीवाल्याचा हात पडताना दिसत होता, थाप ऐकू येत नव्हती. माइक वाढवला तर कर्णे शिट्ट्या मारू लागले. कार्यक्रमवाले भिंतीपलीकडे विनंती करून आले, पण मुकादम म्हणाला, शिफ्ट म्हणजे शिफ्ट. तासभर हेच चाललं. चंपा माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, "मास्तर चांगलंच वाजवत असतील."

सव्वापाचला लाइट गेली.

माइक मेला, पण लूमही मेले. भिवंडीत दिवसाउजेडी अशी शांतता मी आजवर अनुभवली नव्हती. लोक उठायला लागले. तेवढ्यात मास्तर बेंजो काखेत घेऊन स्टेजवरून खाली आले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. आम्हीही खुर्च्या सोडून त्यांच्याभोवती बसलो. मी हातभर अंतरावर होतो. ताई, विजेशिवायचा बेंजो इतका बारीक वाजतो की श्वास रोखून ऐकावा लागतो. हिरामण नुसत्या बोटांच्या टोकांनी ढोलकी वाजवत होता. वरातीत घाईघाईनं उरकतात ते हळदीचं जुनं गाणं मास्तरांनी इतकं सावकाश घेतलं, की त्यात नवरीला घर सोडायचं असतं हे मला काल पहिल्यांदा कळलं. बोटं पाहिली. कुठली पट्टी कधी दाबली ते पाहूनही समजलं नाही. वर बघितलं तर भिंतीवर बनियनवर असलेले कारागीर ओळीनं बसलेले, केसांत सुताचे पांढरे तंतू.

वीस मिनिटांनी लाइट आली. मांडवातले दिवे लागले आणि आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत राहिलो. पलीकडून मुकादमाचा आवाज आला, "कोई लूम चालू नहीं करेगा. पहले मास्टरजी का पूरा होने दो." मग तो स्वतःच भिंतीवर चढून बसला. मास्तरांनी माइक मागितला नाही. पुढे पाऊण तास त्यांनी तसंच वाजवलं.

संपल्यावर मी धीर करून पुढे गेलो. मास्तर म्हणाले, "तुम्हाला बघितलंय. प्रत्येक वरातीत असता. पाहुणे कुणाकडचे, ते काय समजत न्हाय." मी म्हटलं, तुमच्याकडचा.

मुलांना पापा. दाजींना गुडघ्याचं लिहायला सांग.

तुझा भाऊ,
दत्तू

ता. क. तुझ्या मैनाचं लग्न २२ मेला धरलंय. मास्तरांना मे महिन्यात ८ तारीख सोडून एकही दिवस मोकळा नाही. आपल्यात मुहूर्ताची कटकट नाही, आणि रविवार तोही आहे, हाही आहे. तर लग्न दोन आठवडे अलीकडे घ्यावं. नवऱ्याकडच्यांना दाजींनी समजावावं, त्यांचं ते ऐकतात.

ता. क. २. पत्रिका छापून आणायचं काम तू माझ्याकडे दिलं होतंस. प्रेसमध्ये आज सकाळीच जाऊन २२ ची ८ करून आलो. छपाई सुरू झाली आहे.

ताई, मी चंपा लिहितेय. पत्र पाकिटात घालायच्या आधी वाचलं. हे मास्तरांपर्यंत गेलेच नाहीत, सतरंजीवर बसून डोळे पुसत होते. मास्तरांनी ह्यांच्याबद्दल विचारलं ते मला, 'तुमच्याकडचे' म्हणाले ती मी, आणि तारीखही मीच पक्की केली. राग यायचा असेल तर माझ्यावर येऊ दे, पण लग्न आठलाच कर.