पहाऱ्यावरचा दुसरा

१९ जानेवारी

लिहायचं टाळतोय. सोलहून परत येऊन आठवडा झाला. रोज पेन हातात घेतो आणि काहीतरी निघतं — काल बंदरावर एक जण जाळं शिवताना गात होता, तेच ऐकत बसलो. आज लिहितोच.

गीवानची फाइल बंद झाली. माझा धाकटा भाऊ. सक्तीच्या लष्करी नोकरीत गेला, सीमेवरच्या टेकडीवर पहारा देताना बर्फात कड्यावरून घसरला, सकाळी सापडला. लष्कर म्हणालं अपघात. सैन्यातले मृत्यू पुन्हा तपासणारी सरकारी समिती आहे, आता तीही म्हणाली अपघात. पण पहाऱ्यावर दोघं असतात. दुसरा कोण, तो कुठे होता — गोपनीय.

आईनं एवढंच विचारलं, "माझं पोर एकटं होतं का?"

समितीचा अधिकारी माझ्याच वयाचा. टेबलाकडे बघत म्हणाला, "आई, बोलणाऱ्यांना आम्ही शब्द दिलाय. तो मोडला तर पुढच्या पोराच्या वेळी कुणी तोंडच उघडणार नाही."

म्हणजे त्याला माहीत आहे.

२० जानेवारी

एक राहिलं. आईनं त्या अधिकाऱ्यासाठी सुक्या माकुळ माशांची जुडी नेली होती. त्यानं दोन्ही हातांनी परत सरकवली. सरकारी माणसाला काही घेता येत नाही, कायदा आहे. आईला वाटतंय माकुळ बारीक होते, म्हणून त्यानं सांगितलं नाही! आज दोरीवरचे मोठे मोठे वेचून बाजूला ठेवत होती. मी समजावायला गेलो तर म्हणाली, "तू गप रे. एवढा हिंडलास, तुला माणसं कळली नाहीत."

हिंडलो म्हणजे काय, कोबीच्या शेतांत आणि दोन बोटींवर मजुरी.

२८ जानेवारी

वॉन्जूला गेलो. गीवानच्या तुकडीतल्या एकाचं तळलेल्या कोंबडीचं दुकान आहे तिथे. मी नाव सांगितल्यावर त्यानं शेगडी बंद केली.

"दादा, मी समितीला सगळं सांगितलंय. दुसऱ्याचं नाव मी घेणार नाही."

"पळाला का तो गीवानला टाकून?"

"तुम्ही कोंबडी खा."

"कोंबडी खायला आलोय का मी?"

"खा हो दादा. आणखी काही देता येत नाही मला."

खाल्ली. चांगली होती. परत येताना बसमध्ये, चांगली लागली याचंच जास्त रडू आलं.

३ फेब्रुवारी

माकुळ उलटता उलटता आई म्हणाली, "पळाला असेल तरी चालेल. कळू दे फक्त."

९ फेब्रुवारी

उद्या गीवानला जाऊन दोन वर्षं होतील. आई त्याच्या फोटोपुढे ताट मांडणार. शेजारच्या आजी म्हणतात, लग्न न झालेल्याचं ताट मांडायचंच नसतं. आई म्हणते, "मग त्यानं जेवायचं कुठे?"

मांडलं तरी वाकणार कोण? गेलेल्यापुढे त्याच्याहून लहानांनी वाकायचं. आईनं पोरापुढे वाकायचं नाही, थोरल्यानं धाकट्यापुढे नाही. गीवानहून लहान घरात कोणी नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघं भिंतीला टेकून त्याचं सूप गार होताना बघत बसलो.

१० फेब्रुवारी

आत्ता एक मुलगा आलाय. अनोळखी. बूट काढून दाराशीच उभा राहिला.

"मला काही सांगता येणार नाही, आई. समितीला लिहून दिलंय. पण मी त्यांच्याहून लहान आहे. वाकू का?"

तो फोटोसमोर वाकला, हात जमिनीला टेकवले. चार बोटं पेरापासून नाहीत. हिमानं गेलेली.

आईनं त्याला जवळ बसवलं. त्याचा हात धरून बसली आहे.