एक अंश मिळवावा

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तुमच्या घरात फोन एकच, आणि तो दवाखान्याच्या निरोपासाठी मोकळा राहायला हवा. म्हणून मी पत्रच लिहीत जाईन. तूही पत्रानेच उत्तर दे.

मिरीला यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही एकदमच बसवावं लागणार, तुम्ही दोघं नवराबायको चाचणीत बाद झालात, आता परक्या कुणाचं मिळेपर्यंत यादीत थांबायचं, हे सगळं कळलं. रडून यादी सरकत नाही. जेवत जा. सात वर्षांच्या पोरीला उचलायला अंगात जोर लागतो.

रोज दोनदा ताप बघायला सांगितलाय आणि तुमचं सेलवालं थर्मामीटर दर वेळी नवाच आकडा दाखवतं, असं तू लिहिलंस. सोबत बाबांचं काचेचं पाठवते आहे, त्याच्याच पत्र्याच्या डबीत. तीस वर्षांची कंपाउंडरकी त्यांनी याच्यावर केली. तुझ्या हातून काच टिकत नाही हे जगजाहीर आहे. आईचा आरसा आणि माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दोन परीक्षानळ्या मी विसरलेले नाही. तेव्हा जपून. आणि जो आकडा येईल तो लिहायचा, मनातला नाही.

मिरीला सांग, पाढे चुकले तर हेडमावशी येऊन वर्गाबाहेर उभी करेल.

माया आहेच, ती दर पत्रात लिहून दाखवणार नाही.
तुझी ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबी सुखरूप पोचली. झाकण उघडलं तर त्याला आतून चिकटवलेली बाबांची चिठ्ठी, 'एक अंश मिळवावा.' ते अक्षर बघता बघता दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. आठवतं ना, बाबा म्हणायचे, हे आता म्हातारं झालंय, एक अंश हळू बोलतं.

तेव्हापासून रोज एक मिळवून वहीत लिहिते. संध्याकाळी बारीक ताप दिसतो, शंभराच्या आसपास. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला नेतो, तिथे मात्र काही निघत नाही. मिरी म्हणते, दवाखाना बघून ताप पळून जातो. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा.

दिवसाला चार छोटे पेले पाणी, त्याच्यावर थेंब नाही. ती चमच्याने पिते, म्हणजे जास्त वाटतं. काल तिने विचारलं, की ज्या मुलाचं यकृत मिळेल त्याला भोपळा आवडत असला तर मलाही आवडायला लागेल का. तसं असेल तर आधी विचारून घ्या म्हणाली. हे हसत हसत जिन्यात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. दिवसभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सुरू करून देतात. घरी आले की कशाला हात घालावा ते त्यांना सुचत नाही.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तुझा रागही चालेल, पण लिहीत जा.
तुझी धाकटी

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी सहा वाजता फोन आला. यादी सांभाळणाऱ्या बाई होत्या. एका मुलाचे दोन्ही अवयव मिळत आहेत, मापाचे आहेत, मिरीचं नाव पहिलं आहे, किती वेळात पोचाल, असं विचारलं. मी म्हटलं चार तास. मग म्हणाल्या, आत्ताचा ताप बघून सांगा.

थर्मामीटर लावलं. नव्व्याण्णव पॉइंट चार. ताई, तुझ्यापाशी लपवत नाही, एक क्षण वाटलं की मिळवूच नये. पण आकडा मनातला सांगायचा नाही हे तुझं वाक्य कानात होतं. मी शंभर पॉइंट चार सांगितलं. त्यांनी पुन्हा बघायला लावलं. तेवढाच.

मग त्या बाई डॉक्टरांशी बोलून परत फोनवर आल्या. एवढ्या तापात शस्त्रक्रिया होत नाही, आणि तुम्ही येऊन आम्ही तपासेपर्यंत थांबता येणार नाही, यादीतलं पुढचं मूल आमच्या गावातच आहे, असं सांगितलं.

हे बूट घालून, बॅग घेऊन उभे होते. मिरीने एकाच पायात सॅंडल घातली होती. तिने विचारलं, भोपळावाला रद्द झाला का.

हे स्वतःलाच बोल लावतात. आदल्या दिवशी तिला पाठुंगळी घेऊन गच्चीवर गेले होते, वारा बाधला म्हणतात. जेवण सोडल्यात जमा आहे.

काय लिहू. आठवण ठेव.
धाकटी

३ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र काल आलं. लगेच उत्तर लिहायचं धैर्य झालं नाही, हे आधी सांगते.

ते थर्मामीटर बाबांचं नाही. बाबांचं चार वर्षांपूर्वी माझ्या हातून मोरीत फुटलं. काच फोडण्यावरून जन्मभर तुला बोलले, म्हणून तुला सांगायची लाज वाटली. दुकानातून नवं आणलं आणि त्याच डबीत ठेवलं. झाकणातली चिठ्ठी इतक्या वर्षांच्या सवयीची, की डबी बंद करताना मला ती दिसलीच नाही. तुझ्या पहिल्या पत्रात तू मिळवते आहेस असं स्वच्छ लिहिलं होतंस. ते वाचूनही मी गप्प बसले. बारीक ताप काय, उतरेल, असं म्हणून कबुली पुढे ढकलली.

नवं बरोबर चालतं. त्यात काही मिळवायचं नव्हतं. मिरीला ताप नव्हता.

शाळेत खोटं बोलणाऱ्या किती मुलींना मी शिक्षा केली असेल. क्षमा मागत नाही, ती कुठल्या तोंडाने मागणार. हे पत्र तुझ्या नवऱ्याला दाखव. गच्चीवरच्या वाऱ्याचा काही दोष नाही. तू म्हणशील तर येते. नको म्हणालीस तरी समजेन.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला ते फोन आला त्याच दिवशी कळलं होतं. दुपारी मिरीला दवाखान्यात नेलं तेव्हा डबी पर्समध्ये होती. नर्सने त्यांचं आणि आपलं, दोन्ही थर्मामीटर लावली, दोन्हींत एकच आकडा. तुला पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. तू आपणहून सांगतेस का ते बघायचं होतं. यांनाही सांगितलं नाही. ते स्वतःला दोष देत होते तरी मी बघत राहिले. तेव्हा खोटेपणात तू एकटी नाहीस.

तुझं पत्र यांना दिलं. दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. कुठली तरी लिफ्ट अडकली होती, तिकडे गेले. संध्याकाळी आल्यावर जेवले.

मिरीला आता खराच ताप आहे. रक्त शुद्ध करायच्या नळीतून जंतू आत गेले. परवापासून इथे दवाखान्यातच आहोत. आज सकाळी एकशे तीन, काही न मिळवता. यादीतून नाव तूर्त काढलं आहे. तूर्त म्हणजे किती, असं यांनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, आधी ताप उतरू दे. पाण्याचे पेले आता कुणी मोजत नाही. ती मागते आणि मिळतं. तिला ते फार आवडलं आहे.

बाबांची चिठ्ठी काढायला गेले. घट्ट चिकटली आहे, निघत नाही.

तू ये. मी रागावले आहे का ते मला आत्ता सांगता येत नाही, पण ये. डॉक्टरांनी घरच्या माणसांना बोलावून घ्या असं सांगितलं आहे. पत्र लिहीत बसू नकोस, मिळेल त्या गाडीने नीघ. मिरीला तू येणार म्हणून सांगितलं आहे. ती म्हणाली, हेडमावशीने उशीर केला तर तिलाच वर्गाबाहेर उभी करणार.

वाट बघते.
तुझीच धाकटी